तीन लखोट्यांची मोहीम

समस्त वाचक, ज्यांच्या घरचे घड्याळ चालू आहे ते आणि ज्यांचे बंद आहे तेही, यांचे हुजुरी सादर व्हावे ते ऐसे की, निविदापेटीच्या वेढ्याची हकिकत लोक हल्ली मनास येईल तैशी सांगतात. कोणी म्हणतो लखोटे पाच होते, कोणी म्हणतो लाख हिरवी होती, आणि एका गृहस्थाने तर थोरलीबाईंनी पेटी दातांनी फोडली ऐसेही भर रस्त्यात सांगितले. सबब खरे ते एकवेळ कागदावर यावे म्हणून हे लिहिले. यात पदरचे काही घातले नाही. जेथे घातले तेथे गरज होती.

नगराच्या ऐन मध्यावर मनोरा, मनोऱ्यावर चौमुखी घड्याळ, आणि त्याच्या हाताखाली वाचनालय, इस्पितळ, कचेऱ्या, शाळा ऐशा ठिकाणची अठरा भिंतीवरली घड्याळे, मिळून कुल एकोणीस घड्याळांचा मुलूख. या मुलुखास चावी देण्याचे काम अखंडचावीप्रदाते, तैलबिंदुनिपुण, श्रीमंत अप्पा घड्याळजी यांनी चाळीस वर्षे केले. मग अप्पांचे गुडघे फितूर जाहले, मनोऱ्याच्या एकशे बारा पायऱ्या त्यांस जुमानीतनाशा जाहल्या, आणि नवा माणूस नेमायचा तर रीतसर निविदा निघाली पाहिजे ऐसे कचेरीने सांगितले, आणि निविदा निघेपर्यंत चावी कोणी दिली नाही. म्हणून एके दिवशी मोठे घड्याळ पाचाला वीस मिनिटे कमी असता जे उभे राहिले, ते दोन वर्षे उभेच राहिले. अप्पांची खुर्ची दुकानाच्या खिडकीशी मनोऱ्याकडे तोंड करून असे. ती त्यांनी त्या दिवशी फिरवली आणि मनोऱ्याकडे पाठ करून बसले.

मग कचेरीतून निविदेचे फर्मान दोन वेळा निघाले, दोन्ही वेळा अप्पांचे चिरंजीव धाकटे घड्याळजी मोठ्या उमेदीने चालून गेले आणि दोन्ही वेळा शिकस्त खाऊन परत आले. पहिल्या स्वारीत एका पानावर सही राहिली. दुसऱ्या स्वारीत लखोट्यावर लाखेची मोहोर पाहिजे ऐसे कलमात लिहिले असता धाकट्यांनी स्टेपलर मारला, आणि कारकुनाने तो लखोटा दोन बोटांत धरून, मेलेले पाखरू उचलावे तैसा, बाहेर ठेवला. आता तिसरे फर्मान निघाले, आणि त्यात तळाशी बारीक अक्षरांत घोर वार्ता होती की, या खेपेसही पात्र निविदा न आल्यास एकोणीसही घड्याळे उतरवून भंगारात काढावी आणि त्यांचे जागी तांबड्या दिव्यांच्या आकडी पाट्या बसवाव्या. त्या पाट्या विकणारा एक मातबर असामी नगरात होता. त्यास पाटीवाला म्हणत. तो बहुत गोड बोले, आणि गोड बोलत असता दुसऱ्याच्या भिंती मोजी.

हे वर्तमान अप्पांच्या ज्येष्ठ कन्या, सकलपार्सलधुरंधर, लाखमोर्तबनिपुण, टपालकचेरीच्या पार्सलखिडकीवर बावीस वर्षे अढळ बसलेल्या थोरलीबाई यांचे कानी गेले. लहानपणी मनोऱ्याच्या पायऱ्या चढताना तेलाची बुधली धरायचा मान त्यांचा, आणि तांबड्या आकड्यांस तेल लागत नाही हे ध्यानी येऊन त्यांस एकाएकी बुधली हातातून सुटल्यासारखे वाटले. मग त्यांनी एक दिवसाची रजा टाकली, आणि मोहिमेच्या दिवशी सकाळी आठाचे सुमारास दुकानी दाखल होऊन, पदर खोचून, मेजावरले सुटे स्क्रू एका बशीत लोटून, सरलष्करीची वस्त्रे न मागता घेतली. रात्री जागून तयारी केली ऐसे पुढे कोणी म्हणेल तर ते खोटे. रात्री समस्त मंडळी दहालाच घोरत होती.

मसलतीस चौघे बसले. खुर्चीत अप्पा. स्टुलावर धाकटे. मोडक्या लंबकाच्या पेटीवर धाकट्यांचे कुटुंब, वहिनीसाहेब, ज्यांचे जिभेस म्यान नव्हते. आणि उभ्या थोरलीबाई, हातात फर्मानाची सव्वीस कलमे. त्यांनी हुकूम केला की, आज दुपारी तीनला कचेरीची निविदापेटी बंद होणार, लखोटे तीन. पहिल्यात लायकीचे कागद. दुसऱ्यात दरांचे. पहिला आणि दुसरा मिळून तिसऱ्या थोरल्या लखोट्यात. प्रत्येकास लाखेच्या पाच मोहरा. प्रत्येक पानावर आकडा, सही आणि शिक्का. खाडाखोड होता नये, आणि कोणी पानावर चहाची बशी टेकली तर त्याची रवानगी न्हाणीघरात. मग वहिनीसाहेबांनी कलमे वाचावयास घेतली.

"ताई, हे तेवीस नंबर बघा. केलेल्या कामाचा नमुना सोबत जोडल्यास उत्तम. आता काय मनोरा उपटून नेऊ?"

"उत्तम म्हटलंय ना? सक्ती नाही. पुढे वाच."

"मागच्या वेळी मीही असंच म्हणालो होतो," धाकटे हळूच म्हणाले.

"तू मागच्या वेळी स्टेपलर मारलास. तू आज फक्त आकडे घाल."

तरी ते तेविसावे कलम थोरलीबाईंचे मनात खड्यासारखे राहिले. जे जोडल्यास उत्तम ते आपल्यापाशी नाही, आणि पाटीवाल्यास बोट ठेवावयास जागा पुष्कळ, ऐसे त्यांचे मनात दोन-तीन वेळा येऊन गेले.

सह्यांचे रणकंदन नवाचे सुमारास सुरू जाहले. निविदा अप्पांचे नावची, सबब सही अप्पांची, आणि पाने एकशे सेहेचाळीस. अप्पांची सही म्हणजे नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि खाली एक वळसा, जो घड्याळाच्या स्प्रिंगप्रमाणे आत आत जाई. पहिली वीस पाने स्प्रिंग उत्तम बसली. चाळिसाव्यास ती सैल पडली. साठाव्या पानी अप्पांनी लेखणी झटकली तेव्हा शाई भिंतीवर गेली आणि भिंतीवरही सही जाहली, ती अद्याप आहे, पाहावयास लोक येतात. थोरलीबाईंनी फर्मावले की पहिली आणि शेवटची सही एकसारखी दिसली पाहिजे, नाहीतर माणसे दोन आहेत ऐसा वहीम येईल. धाकटे म्हणाले, अप्पा, थोडे थांबा, चहा घ्या. अप्पा म्हणाले, "चावी देताना मध्ये थांबत नाहीत." आणि नव्वदाव्या पानास म्हणाले, "लग्नाच्या कागदावरसुद्धा मी एकच सही केली होती."

"ती एकच जन्मभर पुरली," वहिनीसाहेब म्हणाल्या, "म्हणून सरकार आता जास्तीच्या मागतं."

अप्पांचे मागोमाग शिक्का चाले. शिक्क्याची गादी दोन वर्षांत वाळून बिस्किटासारखी जाहली होती, तीस पाणी पाजले तर शिक्का फिका उमटे, तेल पाजले तर कागदाच्या पार जाऊन पुढल्या पानावर प्रकट होई. शेवटी वहिनीसाहेबांनी निळीचे पाणी घालून तीस शुद्धीवर आणिले. मग शिक्क्याचे ठोके ऐसे काही पडू लागले की शेजारचा चष्मेवाला भिंतीपलीकडून विचारता जाहला, घर पाडताय का. साडेअकराला एकशे सेहेचाळिसाव्या पानाची सही पहिलीशी ताडून पाहिली, ती हुबेहूब होती, आणि अप्पांचा हात मात्र लेखणी धरल्यासारखा वाकडाच राहिला, तो वहिनीसाहेबांनी एक एक बोट करून सरळ केला.

आता मोजणी. धाकट्यांनी मोजली, एकशे पंचेचाळीस भरली. वहिनीसाहेबांनी मोजली, एकशे सत्तेचाळीस. थोरलीबाईंनी अंगठ्यास थुंकी न लावता, पार्सलखिडकीच्या रीतीने, मोजली ती एकशे सेहेचाळीस, आणि तोच आकडा खरा ठरला, कारण दुसऱ्या दोघांत भांडायची ताकद नव्हती.

येथे या दुकानाची एक रीत सांगणे प्राप्त आहे. दुरुस्त जाहलेले कोणतेही घड्याळ या घरातून तडक बाहेर जात नसे. ते आठ दिवस निरखणीत राही. म्हणजे आठ दिवस ते कोणा ना कोणाच्या नजरेसमोर असलेच पाहिजे, आणि रोज तीन वाजता ते बरोबर आहे की नाही हे निरखणीच्या वहीत लिहिले पाहिजे. एक दिवस जरी चुकला तरी पुन्हा पहिल्या दिवसापासून. अप्पांनी चाळीस वर्षांत ही रीत मोडली नव्हती. त्या दिवशी निरखणीत होते ते एका निवृत्त स्टेशनमास्तरांचे खिशातले घड्याळ, जाडजूड, चांदीच्या झाकणाचे, जे तासास तास आपणहून टोले देई. त्यास घरात खणखण्या म्हणत. त्याचा तो आठवा दिवस, आणि निरखणीची पाळी धाकट्यांची.

मोजणीचे वेळी वर पंखा चालू होता आणि कागद उडत, म्हणून धाकट्यांनी पहिल्या सत्तर पानांच्या गठ्ठ्यावर खणखण्या ठेविला. दाबही राहील, नजरेसमोरही राहील. बरोबरच केले. मग तिकडे लाखेचा गोळा मेणबत्तीवर धूर काढू लागला, वहिनीसाहेब म्हणाल्या, "अहो, पंखा बंद करा आधी," धाकटे पंख्याच्या बटणाकडे धावले, आणि तेवढ्या घाईत वहिनीसाहेबांनी दरांची शेवटची सहा पाने दुसऱ्या लखोट्यासाठी वेगळी काढून उरलेल्या सत्तर पानांचा गठ्ठा उचलून पहिल्या गठ्ठ्यावर ठेविला आणि वर फीत आवळली. खणखण्या पान सत्तर आणि पान एकाहत्तर यांचे मध्ये गडप जाहला. हे कोणी देखिले नाही. बखरकाराने देखिले, परंतु त्यास कोणी विचारले नाही.

थोरलीबाईंनी तो गठ्ठा पहिल्या लखोट्यात सरकवला तेव्हा मध्यभागी पोट आलेले त्यांचे हातास लागले.

"हे फुगलंय कशानं?"

"फितीची गाठ," वहिनीसाहेब म्हणाल्या. "मी पक्की मारते. तुमच्या भावासारखी नाही."

आणि लखोटा टिकटिक करीत होता. स्पष्ट, ढळढळीत टिकटिक करीत होता. परंतु ज्या दुकानात बासष्ट घड्याळे भिंतीवर, मेजावर आणि खणांत अहोरात्र टिकटिकतात, तेथे जन्मलेल्या माणसांचे कान टिकटिकीस कधीच फारखत देऊन बसलेले असतात. त्यांस टिकटिक थांबली तरच ऐकू येई, आणि तासाचे टोले तर बासष्टांच्या टोल्यांत बुडूनच जात.

मग लाखेचे युद्ध जाहले. पंखा बंद, खिडक्या बंद, मेणबत्ती मधोमध, आणि चौघांचे कपाळी घामाच्या धारा. थोरलीबाई लाखेची कांडी ज्योतीवर धरून अशा फिरवीत की थेंब लखोट्यावर पडे तो वाटोळाच पडे, शेपूट म्हणून त्यास नसे. त्यावर अप्पा आपली पितळी मोहोर, जिच्यावर एक दातेरी चक्र कोरले होते, अलगद टेकवीत आणि मनात पाच मोजून उचलीत. धाकट्यांनी एक मोहोर करून पाहतो ऐसे विनविले. थोरलीबाईंनी परवानगी दिली, आणि त्यांनी मोहोर इतकी दाबली की ती लखोट्यासकट वर आली. तेव्हापासून धाकट्यांकडे मेणबत्ती धरायचे काम नामजाद जाहले. दुसऱ्या लखोट्यास पाच, पहिल्यास पाच, मग दोन्ही थोरल्याच्या पोटात आणि त्यास पाच, ऐशा कुल पंधरा मोहरा दीड वाजता पुऱ्या जाहल्या, आणि कोठे एक चीर नव्हती. थोरलीबाईंनी तो लखोटा उताणा, पालथा आणि कडेवर धरून पाहिला, मग पहिल्यांदा बसल्या.

"ताई, पाणी?"

"पेटीत पडल्यावर."

अप्पांनी लखोट्यावरून एकदा हात फिरवला, मोहोर पुसून डबीत ठेविली, आणि खिडकीकडे पाठ करून बसले.

दोन वाजून दहा मिनिटांनी कूच जाहले. पुढे धाकटे स्कूटर हाकीत, मागे थोरलीबाई, आणि दोघांचे मध्ये लखोटा, दोन्ही हातांनी ऐसा धरलेला की तान्ह्या मुलासही हेवा वाटावा. दुसऱ्या चौकात रस्ता खणलेला निघाला. खंदक इतका खोल की त्यात उतरलेला मजूर वर येईतो त्याची दाढी वाढे ऐसे तेथील लोक सांगतात, बखरकाराने मोजले नाही. स्कूटर तेथेच एका न्हाव्याचे स्वाधीन केली आणि बहीण-भाऊ फळीवरून पलीकडे गेले. भर फळीवर धाकटे थांबले आणि खिसे चाचपू लागले.

"ताई, खणखण्या कुठंय?"

"कुठंय म्हणजे? पाळी कुणाची?"

"माझीच. मेजावर होता. मी बघत होतो त्याच्याकडे."

"बघत होतास तर गेला कुठे?"

"आज आठवा दिवस आहे, ताई. तीन वाजता बघायचंय. अप्पांना काय सांगू?"

दुसऱ्याचे घड्याळ, आठवा दिवस, आणि अप्पांची चाळीस वर्षांची रीत. एक पाऊल मागे घ्यावे ऐसे थोरलीबाईंस वाटले. परंतु मागे घर, पुढे पेटी, खाली खंदक, आणि फळी एक. मग त्यांनी फर्मावले की, खणखण्या हरवला असल्यास घरात हरवला, घर पळून जात नाही, आणि तीन मात्र पळून जातात. धाकट्यांनी मान खाली घातली आणि दोघे कचेरीकडे दौडत सुटले.

कचेरी तीन मजल्यांची, उद्वाहक नादुरुस्त, सबब जिन्याने चढाई केली. निविदाकक्षाच्या दाराशी शिपायाने टोपली पुढे करून आत मोबाइल नेता येत नाही ऐसे सांगितले, कारण मागे एकाने आतून कोणास तरी दर कळवले होते. दोघांचे मोबाइल टोपलीत गेले. मनगटी घड्याळ दोघांपाशीही नव्हते. घड्याळजींचे घरात कोण मनगटी बांधतो?

आत निविदापेटी, पत्र्याची, हिरव्या रंगाची, वर एक फट आणि फटीस झाकण. पेटीमागे निविदा कारकून, ज्यांनी तीस वर्षांत फर्मानाचा मसुदा बदलला नव्हता. बाजूस मोठ्या बाई, म्हणजे कचेरीच्या मुख्य, फायली वाचीत. आणि खुर्चीवर पाय पसरून पाटीवाला, जो केवळ पाहावयास आला होता. भिंतीवर एक घड्याळ होते, एकोणिसातलेच एक, बारा वाजून वीस मिनिटांवर निपचित पडलेले.

आणि या कचेरीचा एक विलक्षण रिवाज होता. फर्मानाच्या पहिल्याच कलमात, तीस वर्षांमागल्या शब्दांत, लिहिले होते की, मनोऱ्याच्या घड्याळाचा तीनचा तिसरा टोला पडताच पेटी बंद होईल. मनोरा मुका जाहल्यापासून कारकून तीन वाजले ऐसे समजताच काचेचा पेपरवेट लोखंडी कपाटावर तीन वेळा ठोकीत आणि तेच टोले मानले जात. कलम मोडले नाही, कपाट मात्र पोचले होते.

थोरलीबाईंनी नमस्कार केला, लखोटा उचलला आणि फटीस भिडवला. अर्धा आत गेला. मग अडकला. मध्यभागीचे पोट फटीत बसेना. त्यांनी रेटला. पेटी हलली, लखोटा हलला नाही. धाकट्यांनी खालून रेटला. पाटीवाला उठला, आपले मनगटी घड्याळ सर्वांस दाखवीत गोड बोलिला.

"ताई, उगाच त्रास घेताय. तीन वाजून दोन मिनिटं झाली. ठोका हो कारकूनसाहेब."

कारकुनांनी पेपरवेट उचलला.

"थांबा," थोरलीबाई म्हणाल्या. "तुमचं घड्याळ पुढे आहे."

"माझं पुढे, आणि तुमचं?"

घड्याळजींची लेक, आणि वेळ सांगावयास अंगावर एक काटा नाही. मग मोठ्या बाईंनी फाईल मिटली आणि हुकूम केला की, शिपायाने टोपलीतला मोबाइल पाहून वेळ सांगावी, तोवर कोणी ठोकू नये, कोणी रेटू नये, कोणी बोलू नये. शिपाई गेला. कक्षात ऐशी शांतता जाहली की फायलींतली धूळ बसल्याचा आवाज यावा.

मग कारकुनांनी मान वाकडी केली.

"मॅडम, हे टिकटिक काय वाजतंय?"

"भिंतीवरचं?"

"ते कसलं वाजतंय. ते बारावीसपासून बंद आहे. पेटीतून येतंय. म्हणजे लखोट्यातून."

पाटीवाला दोन पावले मागे सरला आणि खुर्चीआड जाहला. धाकट्यांनी बहिणीकडे पाहिले. थोरलीबाईंनी लखोट्यावर कान टेकला, आणि जन्मापासून जो आवाज कानांपुढे असून ऐकिला नव्हता तो आयुष्यात प्रथम ऐकिला. ऐकिला आणि ओळखिला. टिक, मग किंचित दम, मग टिक. धाकट्यांनी खपून नीट केलेला आणि आठ दिवस निरखलेला दम.

"खणखण्या," त्या म्हणाल्या.

आणि लखोट्याचे पोटातून, दोन लखोट्यांच्या, दहा मोहरांच्या आणि सत्तर पानांच्या आडून, बारीक परंतु खणखणीत, पहिला टोला पडला.

आता कलम पहिले. तिसरा टोला पडताच पेटी बंद. मधे दोन टोले. थोरलीबाईंचे ध्यानी पार्सलखिडकीची बावीस वर्षे एकवटून आली, की पोट आलेले पार्सल आडवे जात नसेल तर ते तिरके घालावे आणि पोट कोपऱ्याकडे लोटावे. त्यांनी लखोटा खसकन मागे ओढला, तिरका केला, अंगठ्याने खणखण्याचे पोट कोपऱ्याकडे दाबले. दुसरा टोला पडला. धाकट्यांनी दोन्ही तळहातांनी वरून ऐसा भार दिला की त्यांचे पाय जमिनीवरून सुटले, पत्रा कण्हला, लाखेच्या एका मोहरेचा टवका उडून कारकुनांचे चष्म्यावर बसला, आणि लखोटा फटीतून गेला. धप्प. आणि तिसरा टोला पेटीच्या तळातून आला.

कारकुनांनी तीस वर्षांच्या सवयीने, आपण काय करतो हे न कळताच, झाकण लावले.

दारातून शिपाई आला. "मॅडम, तीन. आत्ता, बरोबर आत्ता वाजले बघा."

पाटीवाला खुर्चीआडून बाहेर येऊन म्हणाला, "हे चालणार नाही. कलमात मनोऱ्याचा टोला लिहिलाय. खिशातल्या घड्याळाचा नाही."

मोठ्या बाईंनी त्यास नीट पाहिले. "बरं. मग मनोऱ्याचा टोला पडेपर्यंत पेटी उघडी ठेवते. तुम्ही बसा. दोन वर्षं झालीत, अजून किती लागतील सांगता येत नाही."

पाटीवाल्याने मनगटी घड्याळ बाहीखाली लोटले.

साडेतीनला सर्वांचे समक्ष पेटी उघडली. त्या खेपेस निविदा ती एकच. कारकुनांनी मोहरा मोजल्या. चौदा शाबूत, पंधरावीचा टवका त्यांचे चष्म्यावरच होता, तो ताडून पाहिला, बसला. मग सह्या पाहिल्या, शिक्के पाहिले, आकडे पाहिले, आणि पान सत्तर उलटताच खणखण्या चांदीच्या झाकणासह लखलखत प्रकट जाहला. पाटीवाला म्हणाला, "बघा, कागदांत वस्तू. बाद करा." मग थोरलीबाईंचे मनातला सकाळचा खडा आपणहून जिभेवर आला.

"कलम तेवीस," त्या म्हणाल्या. "केलेल्या कामाचा नमुना जोडल्यास उत्तम."

मोठ्या बाईंनी तेविसावे कलम वाचले, खणखण्या उचलून कानाशी धरला, आणि हसू आले ते फायलीआड केले. मग फर्मावले की, नमुना जोडला आहे, नमुना चालू आहे, नमुन्याने कचेरीचे तीन वाजवले आहेत, ऐसा नमुना या कचेरीत पूर्वी आला नाही. निविदा पात्र. मग दुसरा लखोटा फोडला, दर मंजूर जाहले. कारकुनांनी खणखण्या परत देण्यापूर्वी तीन प्रतींत पोच लिहून घेतली, आणि पाटीवाला जिन्याने उतरला तो भिंती न मोजता उतरला.

साडेपाचला बहीण-भाऊ दुकानी पावले. अप्पा खुर्चीत, पाठ खिडकीकडे. वहिनीसाहेब मेजाखाली वाकून, हाती मेणबत्ती घेऊन, खणखण्या शोधीत होत्या आणि त्यापूर्वी त्यांनी पिठाचा डबाही उलटा केला होता. थोरलीबाई आधी तांब्याभर पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "मिळालं, अप्पा. एकोणीसच्या एकोणीस."

अप्पांनी मान हलवली. मग धाकट्यांकडे हात पुढे केला.

"आठवा दिवस होता. तीनला बघितलंस का?"

"बघितलं नाही अप्पा. ऐकलं."

"बरोबर?"

"कचेरीतल्या मोबाइलशी ताडलं. सेकंदसुद्धा इकडेतिकडे नाही."

मग अप्पांनी निरखणीची वही उघडली, सकाळपासून वाकडी जाहलेली बोटे लेखणीभोवती एक एक करून बसवली, आणि लिहिले: दिवस आठवा. तीन वाजता, तीन टोले. ठिकाण, निविदापेटी. घड्याळ बरोबर. आणि खाली सही केली, एकशे सत्तेचाळिसावी, वळशासकट.

त्याउपरि अकराव्या दिवशी धाकटे चावी घेऊन आणि थोरलीबाई तेलाची बुधली घेऊन एकशे बारा पायऱ्या चढल्या, आणि संध्याकाळी सहाचे सहा टोले नगरावर पडले. खाली दुकानात अप्पांनी खुर्ची उचलू नका, मी फिरवतो ऐसे वहिनीसाहेबांस सांगितले, आणि फिरवली.

येणेप्रमाणे तीन लखोटे, पंधरा मोहरा आणि एकशे सेहेचाळीस सह्या खर्ची पडून एकोणीस घड्याळांचा मुलूख पुन्हा चावीखाली आला, आणि फत्ते पूर्ण जाहली. हे दफ्तर येथे बांधून वर लाख लाविली आहे. ज्यास यात काही खोटे वाटेल त्याने तिसरा टोला पडण्याआधी पेटीत टाकावे.